सीट नंबर चार

ज्ञानदा : ...आणि एस-बान रद्द झाली एवढंच सांगायचं. त्यापुढे एक शब्द बोलायचा नाही.

पुष्कर : कुठली एस-बान?

ज्ञानदा : कुठली म्हणजे? माइन्त्सहून इकडे र्युसेल्सहाइमला येणारी लोकल. चार वीसची म्हण.

पुष्कर : बालवाडीच्या बाई ॲप उघडून बघतील, ज्ञानदा. मंगळवारी सगळ्या गाड्या वेळेवर होत्या. मी चेक केलंय.

ज्ञानदा : तू चेक केलंस?

पुष्कर : सकाळी. म्हटलं, इथे रोज एखादी तरी गाडी बोंबलते, मंगळवारीही बोंबलली असेल. तर नेमकी त्याच दिवशी सगळ्या टायमावर.

ज्ञानदा : मग मला चक्कर आली असं सांगू.

पुष्कर : सर्टिफिकेट मागतील.

ज्ञानदा : इंजिन बंद कर आधी. किटाच्या दारात गाडी चालू ठेवून बसलोय, आतून बघत असतील.

पुष्कर : चारला बोलावलंय. अजून वीस मिनिटं आहेत.

ज्ञानदा : ती बघ, खिडकीत. करड्या कोटातली. ती या बालवाडीतली नाही. इथल्या सगळ्या बायकांना मी ओळखते.

पुष्कर : युगेंडाम्टची असेल.

ज्ञानदा : असेल काय? आहेच. पत्रात लिहिलं होतं ना, बालकल्याण खात्याचा माणूस हजर राहील म्हणून. सुमेधा म्हणत होती, हे लोक घरी येतात. फ्रिज उघडून बघतात. मुलीला एकटीला बसवून विचारतात, आईबाबा वेळेवर जेवायला देतात का.

पुष्कर : सुमेधाला काय माहीत? तिला मूलच नाही.

ज्ञानदा : तू हसू नकोस.

पुष्कर : हसत नाहीये गं. माझा चेहराच असा झालाय सकाळपासून.

ज्ञानदा : सत्तर मिनिटं, पुष्कर. पाच वर्षांची पोर जाकीट घालून, पाठीला सॅक लावून सत्तर मिनिटं बाकावर बसली होती. बाकीची मुलं गेली, दिवे बंद झाले, तिच्या बाई, फ्राउ लिंडनर, तेवढ्या तिच्याशेजारी. नऊ फोन केले त्यांनी मला. तू तर उचलतच नव्हतास.

पुष्कर : ट्रायलच्या वेळी आमचे फोन लॉकरमध्ये असतात, तुला माहितीये.

ज्ञानदा : माहितीये.

पुष्कर : आपण खरं सांगितलं तर?

ज्ञानदा : काय खरं? दुपारभर पत्ते खेळत बसले होते म्हणून? कसिनो हा एक शब्द त्या कागदावर आला की झालं आपलं.

पुष्कर : कसिनो नव्हता तो. भाड्याचा हॉल होता, नवीन खेळाची चाचणी होती. प्लॅस्टिकच्या चिप्स. खरा एक सेंटसुद्धा कोणी लावला नाही.

ज्ञानदा : तेच तर मला कळत नाही. पैसे असते तर म्हटलं असतं, हाव सुटली. हाव कशाची सुटली मला?

पुष्कर : बेरुहिग दिश... शांत हो जरा.

ज्ञानदा : समज, त्या बाईंनी विचारलं, तुम्ही का उठला नाहीत? काय सांगू? तू सांग. खेळ तुझा आहे.

पुष्कर : तूही त्याची गणितं केलीस.

ज्ञानदा : केली ना. विमा कंपनीत दिवसभर तेच करते, म्हणून घरी बसून तुझीही करून दिली. कुठल्या पानावर पॅक करायचं ते मी झोपेत सांगेन. म्हणून तर तू म्हणालास, एक टेस्टर गळालाय, तासभर बस. अर्धा दिवस रजा टाकून दीडला बसले. आता सांग, उठले का नाही?

पुष्कर : म्हणजे बघ. साध्या पोकरमध्ये पानं वाईट आली की आपण पॅक करतो. पानं गेली, लावलेलं गेलं, विषय संपला. आल्झो, म्हणजे त्या क्षणी माणसाचे हात मोकळे होतात. माणूस तेव्हाच उठतो. पाणी प्यायला, बाथरूमला, घरी.

ज्ञानदा : हं.

पुष्कर : आमच्या खेळात टाकलेली पानं जात नाहीत. तुझ्यासमोरच पालथी राहतात. पुढच्या डावात दुप्पट लावलंस की ती परत उचलता येतात. परतीची पैज म्हणतो आम्ही त्याला.

ज्ञानदा : आणि मधेच उठलं तर?

पुष्कर : तर जातात.

ज्ञानदा : मग उठायचं कधी?

पुष्कर : किती वाजले बघ.

ज्ञानदा : सांग ना. त्या विचारणार आहेत.

पुष्कर : तशी वेळ नाहीये त्यात. तेच डिझाइन आहे. समोर कायम काहीतरी अर्धवट पडलेलं असतं.

ज्ञानदा : मला आठवलं नव्हतं असं नाही, पुष्कर. हे मी तुला परवा नीट सांगितलं नाही. चारला मला आठवलं, मंगळवार आहे, उर्जाला मी आणायचंय. अगदी स्वच्छ आठवलं. मी म्हटलं, समोर ही पानं पडलीयत तेवढी उचलते आणि निघते. ती उचलली, तोवर दुसरी टाकावी लागली. मग म्हटलं, एवढी उचलते. फोन वाजत होता. मला ऐकू येत होता. पण असं वाटत होतं की भिंतीपलीकडे, शेजाऱ्यांच्या घरात वाजतोय. त्यांनी उचलावा.

पुष्कर : ज्ञानदा...

ज्ञानदा : पावणेसहाला तो डीलर म्हणाला, माझी शिफ्ट संपली. तेव्हा कुठे मी खुर्ची मागे सारली. मी उठले नाही. टेबल बंद झालं. त्याची शिफ्ट आठला संपणार असती तर?

पुष्कर : तू स्वतःला एवढं बोल लावू नकोस. कोणाचंही झालं असतं. तू निदान फोन पहिल्यांदा वाजला तेव्हा बघितलास तरी. मग उलटा ठेवलास ते साहजिकच...

ज्ञानदा : काय म्हणालास?

पुष्कर : काही नाही. म्हटलं, साहजिक आहे.

ज्ञानदा : मी फोन उलटा ठेवला हे मी तुला सांगितलं नाही.

पुष्कर : सांगितलं असशील.

ज्ञानदा : नाही सांगितलं. मला त्याची लाज वाटत होती. इकडे बघ. पुष्कर, माझ्याकडे बघ.

पुष्कर : टेबलावर कॅमेरा असतो. वरून. चेहरे दिसत नाहीत, फक्त हात दिसतात.

ज्ञानदा : आणि तू मागच्या खोलीत होतास.

पुष्कर : हो.

ज्ञानदा : सीट चारवर मी बसलेय हे तुला ठाऊक होतं.

पुष्कर : हो.

ज्ञानदा : माझे हात तू ओळखत नाहीस?

पुष्कर : ओळखतो.

ज्ञानदा : मग?

पुष्कर : आमच्या शीटवर एक रकाना आहे. ‘व्यत्यय येऊनही खेळ चालू.’ म्हणजे फोन आला, कोणी हाक मारली, पाणी सांडलं, तरी माणूस उठला नाही, की टिक करायची. त्यावरून कळतं खेळ किती धरून ठेवतो ते.

ज्ञानदा : किती केल्यास?

पुष्कर : बाकीच्यांच्या दोन, तीन अशा होत्या.

ज्ञानदा : माझ्या किती, पुष्कर?

पुष्कर : नऊ.

ज्ञानदा : नऊ फोन आले होते.

पुष्कर : हो.

ज्ञानदा : किटातून फोन येत होते आणि तू टिक करत होतास.

पुष्कर : किटातून येतायत हे मला वरून दिसत नव्हतं गं! नुसता उलटा फोन टेबलावर थरथरायचा. आणि मी... मी खूश होतो, ज्ञानदा. सहाव्या टिकेला मी श्टेफानला, माझ्या बॉसला, हाक मारून बोलावलं. म्हटलं, ये, सीट चार बघ. तो माझ्या पाठीवर थाप मारून गेला.

ज्ञानदा : पाच वाजले तेव्हा?

पुष्कर : समोर भिंतीवर घड्याळ होतं. प्रत्येक टिकेपुढे वेळ लिहायची असते. पाच वाजून सात मिनिटं, टिक. पाच एकोणीस, टिक. माझ्या अक्षरात आहे सगळं. आणि पाच म्हणजे किटा बंद, हे डोक्यात आलंच नाही. आपल्याला एक मुलगी आहे हेच... तू म्हणतेस तुला आठवलं होतं. मला तेवढंसुद्धा आठवलं नाही. मी तर खेळतही नव्हतो.

ज्ञानदा : काच खाली कर.

पुष्कर : बाहेर थंडी आहे.

ज्ञानदा : कर म्हटलं ना. मला श्वास घ्यायचाय.

पुष्कर : केली. पाणी देऊ?

ज्ञानदा : नको. हे ऐक. ही गोष्ट आत बोलायची नाही. रकाना नाही, कॅमेरा नाही. एस-बान.

पुष्कर : एस-बान वेळेवर होती गं.

ज्ञानदा : मग बस म्हण. विमान म्हण. काहीही म्हण. मला माझी मुलगी घरी हवीय. चल, चार वाजले.

(पाऊण तासानंतर. तेच पार्किंग, तीच गाडी. मागच्या सीटवर उर्जा.)

ज्ञानदा : उर्जा, बेल्ट लाव सोन्या.

उर्जा : हाब इश शोन.

ज्ञानदा : लावलास? शहाणी माझी. तुझं ते पुस्तक बघ हं जरा. आम्ही बोलतोय.

पुष्कर : तू चिडलीयेस.

ज्ञानदा : आपलं ठरलं होतं. मी ‘डेर त्सूग’ म्हणून नुसतं तोंड उघडलं, गाडी एवढाच शब्द, आणि तू मधेच सुरू झालास. नऊच्या नऊ टिका सांगितल्यास. अरे, घड्याळसुद्धा सांगितलंस.

पुष्कर : त्या करड्या कोटवाल्या बाई लिहून घेत होत्या. मला वाटलं, त्यांनी एकदा गाडी रद्द लिहिलं की ते कागदावर खरं होऊन बसेल. मग पुढच्या वेळी...

ज्ञानदा : पुढच्या वेळी?

पुष्कर : तसं नव्हतं म्हणायचं मला.

ज्ञानदा : तसंच म्हणायचं होतं. तीही तेच विचारत होती. उद्या त्या टेबलाशी परत बसवलं तर वेळेवर उठाल का?

पुष्कर : तू म्हणालीस, वाइस इश निश्ट.

ज्ञानदा : माहीत नाही म्हणाले. खरंच माहीत नाही रे. खोटं बोलायला गेले होते, तेवढं एकच तोंडातून खरं निघालं. तिने पेन खाली ठेवलं तेव्हा मला वाटलं, आता म्हणणार, मुलगी आज इथेच राहील.

पुष्कर : पण म्हणाल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी घरी येतील, दोन-तीनदा बोलतील. समुपदेशनाला जा म्हणाल्या, दोघांनी. चांगल्या होत्या गं.

ज्ञानदा : चांगल्या माणसाचीच भीती वाटते मला. वाईटाशी भांडता येतं.

पुष्कर : मी श्टेफानला फोन केला. तू उर्जाचे बूट घालत होतीस तेव्हा, कॉरिडॉरमधून.

ज्ञानदा : कशाला?

पुष्कर : म्हटलं, परतीची पैज खेळातून काढून टाक. टाकलेली पानं गोळा करायची, बस्स. तर हसला. म्हणाला, मग राहिलं काय, आजोबांचं पोकर?

ज्ञानदा : तू सांगितलंस त्याला? सीट चारवर कोण होतं ते?

पुष्कर : सांगितलं. सॉरी म्हणाला, मुलगी बरी आहे ना विचारलं. मग म्हणाला, सोमवारी कसिनोवाल्यांसमोर प्रेझेंटेशन आहे, त्यावर तुझं नाव ठेवू की काढू, एवढं आज कळव.

ज्ञानदा : म्हणजे खेळ जाणारच.

पुष्कर : खेळ कंपनीचा आहे. मी सही केलीय तशी, रुजू झालो तेव्हाच. मी नाव काढ म्हटलं. क्युंडिगुंग देतो म्हटलं, राजीनामा. पण मी नसलो तरी नियम तिथेच राहणार ना. ज्या खात्याकडे तो मंजुरीला जाईल त्यांना मी लिहिणार आहे, रकाना काय होता, टिका कशा केल्या, सगळं. वाचतील की नाही ठाऊक नाही.

ज्ञानदा : आणि ती शीट?

पुष्कर : कुठली?

ज्ञानदा : पुष्कर.

पुष्कर : तिसऱ्या स्लाइडवर आहे. नाव नाहीये तुझं. नुसतं सीट चार.

ज्ञानदा : म्हणजे सोमवारी लोक बसून बघणार, उर्जा बाकावर बसली होती तेव्हाच्या त्या टिका. आणि म्हणणार, वा.

पुष्कर : त्यांना कळणारही नाही.

ज्ञानदा : परवापासून मला एकच स्वप्न पडतंय. तुला सांगणार नव्हते. मी टेबलाशी बसलेय आणि फोन वाजत नाहीये. अजिबात वाजत नाहीये. आणि मला केवढं बरं वाटतंय.

पुष्कर : हात दे इकडे.

ज्ञानदा : नको. गाडी चालव.

उर्जा : पापा?

पुष्कर : काय गं?

उर्जा : वेर होल्ट मिश मॉर्गन आप?

ज्ञानदा : उद्या शनिवार आहे बाळा, उद्या किटा नाही. सोमवारी न्यायला कोण येणार विचारतेस का?

उर्जा : या. मोंटाग.

पुष्कर : हो ना, सोमवारी? दोघंही येणार. आई पण, बाबा पण.

उर्जा : बायडं?

ज्ञानदा : हो, दोघंही. रोज दोघंही येणार आता. चालेल ना तुला? मराठीत सांग.

उर्जा : चालेल. दोघं आले... तर एक विसरला, तरी चालतं.