भिकाजी अविवाहित नव्हते

परदेशातल्या आपल्या या मराठी मंडळाचे अध्यक्ष माननीय प्रबोधराव, व्यासपीठावरचे पाहुणे आणि आंग मो किओपासून चोआ चू कांगपर्यंत शहरात जिथून जमेल तिथून मधुवंतीताईंना निरोप द्यायला आलेली मंडळी, सर्वांना सविताचा नमस्कार.

ताई बँकेतून निवृत्त होऊन पुण्याला चालल्या आहेत. आधीचे वक्ते त्यांच्या पुरणपोळीबद्दल भरभरून बोलले. त्यांनी वर्षानुवर्षं केलेल्या शोधाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. का बरं?

त्यांच्या आजोबांचे सख्खे भाऊ भिकाजी जहाजावर खलाशी होते. टेक्सासला उतरले, ते परतलेच नाहीत. घरचे सांगत, "तिकडेच वारले, लग्न केलंच नाही." ताईंना ते पटेना. तिथल्या एका खेडवळ काउंटीच्या, म्हणजे आपला तालुकाच समजा, इतिहास मंडळाला त्यांनी फोन करकरून भंडावलं. कपाशीच्या शेतांजवळ भिकाजींची कबर सापडली, शेजारी पत्नी मारियाची. आणि सापडली सत्तरीची नात, डोलोरेस.

गेल्या गणपतीत ती इथे आली. त्याच दिवशी आपल्या घराण्यांच्या वंशावळींची स्मरणिका निघाली. ताईंनी भिकाजींची सगळी शाखा दिली होती. संपादक होते ताईंचे चुलतभाऊ, म्हणजे आपले अध्यक्ष. डोलोरेसने आजोबांच्या नावावर बोट ठेवलं. "पुढे काय लिहिलंय?"

ताईंना वाचून दाखवावं लागलं, "अविवाहित."

"मग माझी आई कुणाची मुलगी?"

ताई तडक अध्यक्षांकडे गेल्या. मी बरोबर होते. ते म्हणाले, "मधू, कापूस वेचणाऱ्या बाईची ख्रिश्चन पोरं आपल्या घराण्यात कशी दाखवायची? लोक काय म्हणतील?"

कोण लोक, प्रबोधराव? माझी सून चिनी आहे. उद्या माझ्या नातवालाही खोडणार? रुचिर, तिथे घड्याळ धरून वेळ संपल्याच्या खुणा करू नकोस, मला दिसतायत.

डोलोरेस प्रसाद न घेता निघून गेली. ताईंनी माफी मागा म्हटलं. कुणी मागितली नाही. आज त्यांना शाल देताय! ती त्यांनी नाकारलीय. त्या आल्या आहेत फक्त तुम्हा मंडळींसाठी.

त्या काउंटीनं यंदा तिथल्या घराण्यांचं पुस्तक काढलं. भिकाजींचं घराणं त्यात भारतातल्या शाखेसकट आहे. प्रबोधराव, त्या परक्या माणसांनी तुम्हाला गाळलेलं नाही. डोलोरेसचा भाऊ म्हणून तुमचं नाव छापलंय.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. भाषण लांबलं, त्याची क्षमा असावी. बाकी कशाचीही मागत नाही.