टाकीची बातमी हवेतून गेली

संध्याकाळचे पाच. वर्तमानपत्राची कचेरी, दुसरा मजला, वार्ताहरांची खोली. आणि तुम्हाला सांगतो, उभा जन्म बातमीदारीत घालवलेला मी, खुर्चीवर चढून उभा! हात वर! कुणी पिस्तूल रोखल्यासारखा! हातात ते डबडं... तळहाताएवढा संगणक. का? तर म्हणे त्याला टेबलावरचा संगणक दिसत नाही! अहो, तो माझ्या गुडघ्याला लागतोय! त्याला खालचा दातांचा दवाखाना दिसतो, समोरचा शिंपी दिसतो, सगळ्यांची नेटवर्कं ओळीनं दिसतात, आणि ज्याच्याशी जन्माची गाठ तो गुडघ्यापाशी बसलाय, तो दिसत नाही!

पूर्वी बरं होतं हो. एक वायर होती. एक टोक याच्या तोंडात, दुसरं त्याच्या पाठीत, चहा संपेपर्यंत इकडचं सगळं तिकडं. मग आमच्या संगणक विभागातला तो आला... सगळे त्याला 'दोन मिनिटं' म्हणतात, कारण काहीही विचारा, उत्तर तेच. आला, वायर गुंडाळली, खिशात घातली. "आता वायर नको, साहेब. हवेतून जातं!"

हवेतून जातं! अहो, धूर जातो हवेतून. आश्वासनं जातात. बातमी जाते का?

बरं, जायचं काय होतं ते ऐका. शाळेच्या मागे पाण्याची उंच टाकी आहे, तिच्या खांबाला भेग पडलीय. सकाळी पाणीखात्याचं पत्रक आलं, 'टाकी पूर्णपणे सुरक्षित'. ते आमच्या डेस्कनं माझ्या नावाच्या फाइलीत टाकलं, मी ती फाइल या डबड्यात घेतली आणि निघालो. टाकीखाली कोण भेटावं? खुद्द पाणीखात्याचा इंजिनिअर! त्या माणसानं भेगेत बोट घातलं, पार दुसऱ्या पेरापर्यंत गेलं हो... आणि म्हणाला, "भरल्या टाकीखाली मी माझी पोरं बसवणार नाही. लिहा. हुद्द्यासकट लिहा." मी तिथंच, उन्हात, डबड्याच्या काडीनं पडद्यावर टकटक करत पत्रक पुसलं आणि त्याचा शब्द न् शब्द उतरवला. उद्या शाळा भरायच्या आत ही बातमी लोकांच्या हातात पडायलाच हवी, एवढंच डोक्यात.

आणि आता मी खुर्चीवर!

"दोन मिनिटं, साहेब. जरा खिडकीकडे सरका." सरकलो. "थोडं डावीकडे." गेलो. डावीकडे संडास! संडासाच्या दारात उभा राहून मी शाळेतली पोरं वाचवतोय, आणि जाहिरात विभागातल्या बाई म्हणतात, "रांग आहे का हो?"

तेवढ्यात वृत्तसंपादक. त्याला आम्ही 'कात्री' म्हणतो, कारण सांगायला नको. "काय रे, पान छपाईला सोडायचंय. बातमी कुठंय?" म्हटलं, हवेत आहे! "मग खाली उतरव की!"

आणि काय सांगू... लागलं! दोन बाण गोल गोल फिरायला लागले. टिंग! 'काम यशस्वी.' मी अक्षरशः संडासाच्या दाराला मिठी मारली. धावत टेबलाशी आलो, फाइल उघडली. 'टाकी पूर्णपणे सुरक्षित.'

डोळे चोळले. डबड्यात पाहिलं. तिथंही 'पूर्णपणे सुरक्षित'! इंजिनिअर गायब! भेग गायब! बोट गायब!

"चूक नाही, साहेब," दोन मिनिटं शांतपणे म्हणतो, "दोन्हीकडं वेगळं असलं की यंत्र एकच प्रत ठेवतं. त्यानं ऑफिसची ठेवली."

"आणि माझी?"

"ती..." त्यानं बोटानं वर दाखवलं. हवेतून गेली!

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, मला तोंडपाठ आहे, पुन्हा लिहितो! कात्री म्हणाला, "आठवणीतून? सरकारी माणसाच्या तोंडी? तुझ्याच फाइलीत उलटं असताना? त्याच्याकडून हो म्हणवून घे." लावला फोन. दुपारचा तो वाघ... आवाज बघा, "क... कोण? भेग? अहो, रंगाला तडा गेलाय. मी? पोरं? मला अजून लग्नच करायचंय हो!" ठेवला फोन. त्याचे शब्दही हवेतून गेले!

कात्री म्हणतो, "सुरक्षित आहे, हीसुद्धा बातमीच आहे." म्हटलं, मग त्यावरचं माझं नाव तरी काढ! तर म्हणतो, "नाव फाइलीतच आहे रे, पान छपाईला गेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. शाळेच्या मुख्याध्यापिका. "फार बरं वाटलं हो तुमची बातमी वाचून! टाकीकडचा वर्ग आम्ही रिकामा ठेवला होता, आज मुलं परत तिथं बसवली." मी ओरडलो, बाहेर काढा त्यांना! आत्ताच्या आत्ता! खोटी आहे ती बातमी! बाई म्हणाल्या, "असं कसं? नाव तर तुमचंच आहे."

तसाच चपला घालून पळालो. वायर नको, हवा नको, पायांनी गेलो. फाटकाशी गळा फाडून भांडलो, तेव्हा कुठं पोरं मैदानात आली. आजचा दिवस आली. उद्याचं कोण सांगणार?

परत येऊन दोन मिनिटंची मानगूट धरली. म्हटलं, अरे, टेबलावरच्या संगणकात 'कुठली प्रत ठेवायची' म्हणून खाली टिचभर चौकट असते ना, तिथं मी स्वतः 'हातातली' लावलं होतं! हे डबडं घेतलं त्या दिवशीच! त्यानं यंत्रात डोकं घातलं आणि पहिल्यांदाच बिचारा 'दोन मिनिटं' म्हणाला नाही. मग म्हणाला, "साहेब, ती चौकट बदललीय. काल दुपारी. आणि ही हवेतून बदलत नाही हो... समोर बसून, हातानंच बदलावी लागते. तुमच्याच टेबलावरून."

काल दुपारी मी टाकीखाली होतो. माझ्या खुर्चीत कोण होतं, विचारतोय. कात्री म्हणतो, "दोन मिनिटं थांब."