फरशीवरचा ऐनाचा टहाळा

मी देवजी सोमा झुगरे, वय ४८ वर्षे, धंदा शेती व लग्नकार्यात फोटो काढणे, राहणार करवंदपाडा, सूर्यमाळजवळ, तालुका मोखाडा, जिल्हा पालघर. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, कोणी बोलावले नसता, जबाब देतो की,

रोहिदास सोमा झुगरे हा माझा थोरला सख्खा भाऊ असून जव्हार येथे कारकून आहे. आमच्या पाड्याखाली नदीवर फरशी, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल आहे. पाणी फरशीवरून जाऊ लागले की रस्त्यात ऐनाच्या झाडाचा टहाळा, म्हणजे पानांसकट फांदी, आडवा टाकतात. तो असेपर्यंत कोणी पाण्यात उतरत नाही. पूर ओसरल्यावर नदीला नारळ देऊन टहाळा काढण्याचा मान आमच्या घरात थोरल्याचा आहे.

दि. १९ ऑगस्ट रोजी सकाळी नदीला मोठा पूर होता. मी नदीला हात जोडून पुराचे फोटो काढत होतो. त्यावेळी भाऊ आला. त्याला कामावर पोचायचे होते. त्याने नारळ दिला व टहाळा उचलला. मी म्हणालो, "दादा, फरशी अजून दिसत नाही." तो म्हणाला, "तू फोटो काढ." मी त्याचा टहाळ्यासह फोटो काढला.

थोड्या वेळाने अफजल नूरमोहम्मद शेख याची जीप आली. मागे पाड्यातील गौरामावशी बाजारासाठी कोंबड्या घेऊन बसली होती. भाऊ पुढे बसला. अफजलने विचारले, "भाऊ, टहाळा तुम्हीच काढला ना? पाणी लय दिसतंय." भाऊ म्हणाला, "नारळ दिलाय. घाल गाडी." मावशी मागून म्हणाली, "अफजल्या, घाटात ब्रेक दाबत नाहीस, अन् आज घाबरतोस काय रं?"

जीप मध्यावर कलंडली. अफजलने भावाला धरून काठावर आणले व मावशीसाठी तो पुन्हा पाण्यात गेला, पण ती हाती लागली नाही. मावशी सायंकाळी खालच्या अंगाला करंजाच्या झाडाला अडकलेली, मयत मिळाली.

टहाळा अफजलने फेकला, असे भावाने सांगितल्यावरून अफजलला अटक झाल्याचे समजले. ते खरे नाही. टहाळा दिसला की अफजल गाडी वळवून परत जातो, हे सर्व पाड्याला माहीत आहे.

काल भाऊ मला देवासमोर बसवून म्हणाला, "फोटोत माझी पाठ आहे, तोंड नाही. तू बोलला नाहीस तर कोण बोलणार?" आज सकाळी देवाला दिवा लावून निघालो.

फोटोत पाठच आहे, हे खरे. पहिलीत असताना पावसाळ्यात शाळेला जाताना मी त्याच पाठीवर बसून ही नदी ओलांडत असे. ओळखण्यात माझी चूक नाही. कॅमेऱ्यातील कार्ड हजर करीत आहे.

आपण विचारल्यावरून सांगतो की, भावासमोरही मी हेच बोलेन. तो माझ्यामागोमाग आला असून बाहेर बाकावर बसला आहे. जबाब दार उघडे ठेवून, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात वाचावा, अशी मी विनंती केली. तसा तो वाचण्यात आला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे. वाचून होईपर्यंत भाऊ बाकावरून उठला नाही.