दोन बाळं आणि एक चमचा पाणी

नाव: लोक मला काटेवाले म्हणतात. वय ६३ वर्षे. धंदा: दुकानांतील वजनकाटे दुरुस्त करणे. राहणार: जुन्या छापखान्यामागील इमारत, दुसरा मजला, जिन्यालगतचे घर.

विचारल्यावरून मी स्वतः येथे ठाण्यात बसून सांगतो ते असे.

माझ्या घरी सध्या माझी लेक, माझी सून, त्यांचे एकेक बाळ आणि माझी थोरली मेहुणी, जिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, एवढी माणसे आहेत. मुलगा व जावई कामानिमित्त बाहेरगावी असतात. लेकीला मुलगी, सुनेला मुलगा. दोघांत अकरा दिवसांचे अंतर. दोघेही साडेपाच महिन्यांच्या आसपास. माझी पत्नी प्रसूतिगृहात परिचारिका होती. ती एकोणचाळीस दिवसांपूर्वी वारली. त्याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

बाळंतपणे झाल्यावर पत्नीने घरात नियम घातला, की सहा महिने दोन्ही बाळांना फक्त आईचे दूध. वरचे दूध नाही, पाण्याचा थेंबही नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध तेवढे चालेल. कारण तिने मला एकदाच सांगितले. दोघींपैकी एकीला एचआयव्ही आहे. तिने रोजची गोळी चुकवली नाही आणि बाळाला वरचे काही दिले नाही, तर बाळाला लागण होण्याची भीती फार थोडी राहते. जिला आजार नाही तिच्या बाळालाही हेच सर्वांत चांगले. म्हणून दोघींना एकच नियम. संध्याकाळी आठला गजर होतो आणि दोघी एकाच डब्यातून आपापली गोळी घेतात. एकीची ती, दुसरीची रक्तवाढीची. पत्नी गेल्यावर बाहेरच्या खोलीत बसून लोकांच्या हातातल्या दुधापाण्याच्या वाट्या परत पाठवण्याचे काम माझ्याकडे आले. मला बोलणे जमत नाही, बसणे जमते.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास आक्का स्वयंपाकघरात वाटीत उकळलेले पाणी गार करत होत्या. मी विचारले, "हे कोणासाठी?" त्या म्हणाल्या, "लेकरांच्या घशाला कोरड पडली असेल. चमचाभर तर आहे." बाळे आतल्या खोलीत अंगावर पीत होती. तशा वेळी मी त्या खोलीत जात नाही. आक्का तिथे पोचल्या असत्या तर मला त्यांना अडवता आले नसते. म्हणून मी स्वयंपाकघराचे दार ओढून बाहेरून कडी लावली. नंतर ती निघेना. ती मीच बसवलेली आहे.

आक्का पन्नास मिनिटे आत होत्या. त्या वेळात दारातून झालेले बोलणे आठवते तसे सांगतो.

"भाऊजी, कडी काढा."

"काढतोय. निघत नाही."

"जन्मभर काटे दुरुस्त केलेत ना?"

"काट्याला कडी नसते, आक्का."

"चार पोरं वाढवली मी पाणी पाजून. एक तरी वाळलं का?"

"नाही."

"मग?"

"हिने सांगून ठेवलंय."

 यावर त्या म्हणाल्या, "औषधाचे थेंब चालतात आणि पाणी चालत नाही, हा कुठला न्याय?" मी म्हणालो, "थेंब डॉक्टरांचे आहेत, पाणी तुमचं." आतल्या खोलीतून लेक म्हणाली, "बाबा, मावशीला म्हणावं, अडकलीच आहेस तर कांदे चिरून ठेव." आक्कांनी कांदे चिरले. नंतर खिडकीतून खालच्या शिंप्याला सांगितले, की वर दोन लेकरांना पाण्यावाचून मारतायत. त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहून त्याने आपणांस फोन केला. शिपायांनी एका धक्क्यात दार उघडले.

सगळ्यांना ठाण्यात आणल्यावर आक्कांनी सांगितले, की डब्यातले पाकीट औषधाच्या दुकानात दाखवून त्यांनी घरात हा आजार असल्याची खात्री केली आहे. तो सुनेलाच आहे, तरी तिचे दूध आजच बंद करावे. सून हे ऐकत होती. तिने मुलाला पदराखाली घेतले.

बाळे उपाशी आहेत काय हे पाहण्यासाठी साहेबांनी जप्तीच्या मालाचा काटा आणवला. मुलगी सहा किलो आठशे, मुलगा सात किलो शंभर भरला. महिला शिपाई म्हणाल्या, "हा उपाशी? माझा हात भरून आला." ठाण्यातील काटा चाळीस ग्रॅम कमी दाखवतो. साहेब म्हणाले, "काका, हे लिहायलाच हवं का?" मी हो म्हणालो.

मग लेकीला व सुनेला बाहेर बसवून साहेबांनी मला विचारले, "आजार सुनेलाच ना?"

मी सांगितले, की मला माहीत नाही. पत्नी म्हणायची, "तुमचा चेहरा काट्यासारखा आहे. कागदाचा कपटा पडला तरी हलतो. तुम्हाला कळलं की सगळ्या जिन्याला कळेल." म्हणून तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. दोघींनाही विचारू नये अशी विनंती केली. साहेबांनी मान्य केले.

आक्का म्हणाल्या, "म्हणजे आपली पोरगीसुद्धा असू शकेल?"

"असू शकेल, आक्का."

त्यांनी साहेबांना तक्रारीतले सुनेचे नाव काढायला सांगितले. मग मला विचारले, "किती दिवस राहिले?"

"मुलीचे बारा, मुलाचे तेवीस."

"बरं. तोवर पाणी मी पिते."

आक्कांना कोंडले हे खरे आहे. त्याबद्दल मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, घरी जाऊन बघू.

हा मजकूर साहेबांनी मोठ्याने वाचला. मी व आक्कांनी तो ऐकला. मी बोललो तसाच आहे. फक्त एका जागी ‘आजार कोणाला आहे हे सांगण्यास नकार दिला’ असे लिहिले होते. ते खोडून ‘मला माहीत नाही’ असे करून घेतले आणि खाडाखोडीवर सही केली.