ह्यांचा पांढरा शर्ट

…आणि मी म्हणते, गेलेल्या माणसाच्या तोंडाचा रंग बदलायचा म्हणजे काय, भिंत आहे का ती? तुम्हाला सांगते, मला आधीच संशय होता. नात म्हणाली, "आजी, आजोबांचा एकच रंगीत फोटो, तोही जुना होऊन लालभडक झालाय. कॉम्प्युटरवर घेऊन नीट करते." करते म्हणे. अगं, लाल तर लाल, नाक जागेवर आहे ना? पण ती जन्मायच्या आधीच हे गेले, म्हटलं, पाहू दे पोरीला एकदा खरा चेहरा.

बसलो दोघी. ती म्हणते, "फोटोत नक्की पांढरं काय होतं ते सांग. त्याच्यावर टिचकी मारली की बाकीचे रंग आपोआप ताळ्यावर येतात." आपोआप? या घरात आपोआप एक वाटी विसळली जात नाही, आणि रंग येतात ताळ्यावर… मला आधीच संशय होता. तरी म्हटलं, "आजोबांचा शर्ट. पांढरा शुभ्र."

तिने मारली टिचकी, आणि हे हळदीसारखे पिवळे. मांडीवरचं बाळ, म्हणजे हिचाच बाप, तोही पिवळा. सून मागून डोकावली, "आई, मामंजींना कावीळ होती?"

"आजी, शर्ट नक्की पांढरा होता?" नात अशी बघतेय, जशी काही मी चोरून साय खाऊन तोंड पुसून आलेय.

"मग मी काय खोटं बोलते?"

"राहू दे मग. काळापांढरा करून टाकते."

काळापांढरा? म्हणजे हे दुसऱ्यांदा जायचे की हो. मी खाकरले जरा. म्हटलं, "तसा पांढराच… पण त्या दिवशी नीळ थोडी जास्त पडली."

"थोडी?"

"अर्धी पुडी."

"तरीच! कॉम्प्युटरने निळ्यालाच पांढरं धरलं, म्हणून बाकी सगळं पिवळं."

आता तुमच्यापासून काय लपवू, चाळीस वर्षं मी त्या फोटोवाल्याच्या नावाने खडे फोडले, मेल्याचा रोलच खराब म्हणून शर्ट निळा आला. ह्यांनाही तेच सांगितलं. हे नुसतं 'हं' म्हणाले. त्यांनाही आधीच संशय असणार.

"बाळाच्या मोज्यांवर मार," मी म्हटलं, "नवे कोरे होते, माझ्या हातचं धुणं लागलं नव्हतं त्यांना."

मारली, आणि आले हो हे. सावळे, उन्हातून चालून आल्यासारखे, कपाळावर तेलाची चकाकी. नातीने आपला हात पडद्याशेजारी धरला. तोच रंग. सगळं घर गोरं, ही एकटीच कुणावर गेली म्हणून लहानपणापासून कुढायची पोर, मी सांगून पटायचं नाही, ती घरभर सांगत सुटली, "मी आजोबांवर गेलेय."

आता फोटो बाहेरच्या खोलीत लागलाय, मोठा करून. जो येतो तो विचारतो, "आजी, आजोबांना निळा शर्ट फार आवडायचा वाटतं?"

किती जणांना नीळ सांगत बसू? म्हणते, "हो. फार."