मुंबई कोणाची आणि खोली कोणाची

आज अध्यक्षपद स्वीकारलेले माननीय सीतारामभाऊ, व्यासपीठावरची गिरणीतली वडीलधारी मंडळी, ज्यांना निरोप द्यायला जमलो ते कोंडीरामकाका आणि सुंदराबाई काकू, आणि आपल्या लालबागच्या चाळीतल्या बंधुभगिनींनो,

काकांनी गिरणीच्या साचेखात्यात, मागावर, छत्तीस वर्षं काढली. त्यांच्याबद्दल बोलायला इथे पुष्कळ जण आहेत. मग मलाच का उभं केलं? परवा मी म्हणालोही, "काका, मी कुठल्या तोंडाने बोलू?" काका म्हणाले, "कागद वाचलास ना, त्याच तोंडाने."

तर तो कागद. नोकरी संपली, गिरणीची खोली आता सोडायची, म्हणून काकांनी वरळी कोळीवाड्यात रघू तांडेलची खोली बघितली. खरेदीखत इंग्रजीत, आणि चाळीत इंग्रजी शाळेत गेलेला मी एकटा. मी ते उभं राहून, डिबेटला वाचावं तसं वाचलं. काका म्हणाले, "रजिस्ट्रार कचेरीत जुन्या नोंदी बघूया का रे?" मी म्हणालो, "कशाला? सगळे क्लॉज बरोबर आहेत."

काकू म्हणाल्या, "रघूची बहीण गुणवंती रोज आपल्या दारात मासे घेऊन येते. तिला विचारू?" मी काय म्हणालो, आठवतं ना काकू? "कागदात तिचं नाव नाही."

इसाराचे पैसे रघूला दिले गेले. आठवड्यात गुणवंतीबाई पाटी उतरवून काकूंच्या दारात बसल्या. "घर बापाचं. बाप गेला गेल्या साली, नोंद अजून त्याच्याच नावावर हाय. नवरा नाय मला. पोरं घेऊन तिथंच राहते. मी सही देणार नाय."

त्यांचं काय चुकलं? बापाच्या घरात मुलीचाही वाटा, या नव्या कायद्यावर गणपतीत भाषण कोणी ठोकलं होतं? मीच. टाळ्या तुम्हीच दिल्यात. मुंबई कोणाची, म्हणून परळच्या सभेत घसा बसेपर्यंत ओरडणारा मी. एक खोली कोणाची, एवढं मला विचारता आलं नाही.

व्यवहार मोडला. रघूने इसार तोवर उडवला होता, आणि दुसरी खोली घ्यायची काकांची ताकद राहिली नाही. आपण निरोप म्हणतोय, पण काकूंना गावी, संगमेश्वरला, जायचं नव्हतं, हे सगळ्या चाळीला माहीत आहे.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. त्या कागदाच्या चुकीची माफी मात्र सभेकडे मागण्यासारखी नाही, आणि काकूंकडे मागायचा मला धीर नाही. काकू, उद्या सकाळी तुम्ही गिरणीच्या खोलीची किल्ली परत देणार. ट्रंका उचलायला मी येतो. तेवढ्याला नको म्हणू नका.