जळालेली गुंडाळी

नसरापूरच्या थांब्यावर रत्ना वेल्ह्याच्या एसटीची वाट बघत होती. शेजारी पुण्याहून आलेली एक मुलगी आणि तिला न्यायला आलेले तिचे वडील बसले होते.

“समदं सामान आणलंस, नंदा?”

“खोली सोडली, आण्णा. प्रयोगात गुंडाळी जळाली.”

“कसली गुंडाळी?”

“एका खास पट्टीची. ती लई गार केली की वीज तिच्यातून अडल्याबिगर जाते. पण सोसण्यापलीकडं वीज सोडली तर तापते. किती सोसेल, ते मी सहा वर्षं कॉम्प्युटरवर काढत होते.”

“मग गणित चुकलं व्हय?”

“गणित बरोबर होतं. पट्टी सगळीकडं सारखीच आहे, असं मी धरलं. एका जागी ती कच्ची निघाली.”

“आतलं तुला कसं दिसनार?”

“सर म्हणाले होते, आधी पट्टी तपासून घे. मीच म्हणाले, गरज नाही.”

“दुसरी मिळत न्हाई?”

“परदेशातून आली होती. आता संस्थेनं ते कामच बंद केलं. माझ्याबरोबरच्या दोघांचंही गेलं.”

“कुनाला भाजलं का?”

“नाही.”

“मंग तुझ्या आईला सांगू, सुट्टी पडली म्हनून.”

“किती दिवसांची सांगाल, आण्णा?”

 एसटी आली तेव्हा नंदाच्या दोन्ही बॅगा उचलताना आण्णांचा तोल गेला. रत्नानं हात पुढं केला.

“ऱ्हाऊ द्या, बाई,” ते म्हणाले. “जड न्हाई. नुसती पुस्तकं हायेत.”